रविवारी पिकअप

३ मार्च
आजपासून रोजनिशी. कारण शास्त्रीय आहे. नोंद नसेल तर विक्रमाला कुणी विचारत नाही. मोटरसायकल साडेसातशे सीसीची, माझ्यापेक्षा चार वर्षांनी थोरली. आमच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत दोनशे मीटर. उभ्या गाडीने सुटून टाकी नऊ सेकंदांत गाठायची. जुन्या माहितीपुस्तिकेत नऊ छापलंय, म्हणजे गाडीला जमतं. राहिला चालवणारा, त्याची काळजी नाही.

५ मार्च, सकाळी ७
क्लच सोडला. बंद पडली. पुन्हा सोडला. बंद. इंजिन थंड होतं.

७.४०
इंजिन गरम होतं. बंद.

८ मार्च
सुटली! पण वेळ कोण घेणार? स्टॉपवॉच गळ्यात अडकवलं तर क्लच सोडताना दाबायला तिसरा हात लागतो. ही घरात असती तर तिने दाबलं असतं. ही लेकीकडे गेलीय, चार दिवसांसाठी. जुलैत गेली. हॉलमध्ये सोफ्यावर इंजिन उघडलं, त्यावरून थोडी बोलाचाली झाली होती. जाताना म्हणाली, तुमच्या गाडीला आवाजच फार, पिकअप नाही, मालकावर गेलीय. आठ महिने काही कुणाचा राग टिकत नाही. कामात असेल.

१० मार्च
समोरचे मास्तर स्टॉपवॉच धरायला तयार झाले. निवृत्त, गणिताचे. चौदा सेकंद भरले. त्यांच्या अंगठ्याला संधिवात, दीड वजा. वारा समोरून, एक वजा. माझं पोट, दोन. साडेनऊ! मास्तर म्हणाले, असेच वजा करत राहिलात तर निघायच्या आधी पोचाल. गणितवाल्यांना प्रत्यक्ष रस्ता कळत नाही.

१३ मार्च
मेकॅनिक म्हणाला, काका, क्लचप्लेटा जळाल्यात, हिला चालवा, पळवू नका. मी त्याला टॉर्क समजावून सांगितला. अर्ध्यात उठून गेला. चहा मात्र पूर्ण प्यायला.

१६ मार्च
लेकीचा मेसेज! 'बाबा, रविवारी सकाळी दहाला पिकअप. जमेल ना? आई विचारतेय.'
चार वेळा वाचला. पिकअपचं हिच्या मनात राहिलंय तर! बघायला येतेय. लगेच कळवलं, जमेल म्हणजे काय, आता पिकअप जबरदस्त आहे. लेकीचं उत्तर आलं, 'बरं. जाड दोर काढून ठेवा.' बघणाऱ्यांना मागे ठेवायला असणार. सेफ्टीचं हिलाच सुचणार.

१८ मार्च
सोफा घासला. ऑइलचा डाग जात नाही, त्यावर उशी ठेवली. दिवसभर गाडी सोडून कुणाशी बोललो नाही. ती तीन हजार आरपीएमच्या खाली दाद देत नाही.

२१ मार्च
आज सोळा सेकंद. मास्तर म्हणाले, वजा करू का? नको म्हणालो. फाटकाशेजारच्या दोन खांबांना दोर बांधला. खरं लिहायचं तर नऊ नाही भरले तरी चालेल. ही दोराशी उभी राहून हसली, तरी पुरे. घर फार मोठं वाटतं हल्ली.

२२ मार्च, रविवार, दुपारी १
पावणेदहापासून हेल्मेट घालून फाटकात तयार. दहाला मागे हॉर्न वाजला. पिकअप. मालाचा, चार चाकांचा. ड्रायव्हर म्हणाला, काका, गाडी बाजूला घ्या, ताईंनी पाठवलंय, त्यांच्या आईंचं कपाट आणि शिलाई मशीन न्यायचंय. मागून कुणी येतंय का विचारलं. नाही, मी एकटाच, म्हणाला.
किक मारली. अकरा वेळा. शेवटी ढकलत बाजूला घेतली. मास्तरांनी मागून हात लावला. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. ड्रायव्हरने खांबांचा दोर सोडून कपाट आवळलं. एक टोक मीच धरलं.

१.३०
लेकीचा फोन. निघाला का पिकअप? निघाला म्हणालो. पलीकडून हिचा आवाज ऐकू आला, जुलैनंतर पहिल्यांदा. कपाटाची चावी विचारत होती. चावी माझ्या खिशात होती. ड्रायव्हरला मुद्दामच दिली नव्हती. मी म्हणालो, चावी इथेच राहिली, आईला म्हणावं एकदा येऊन घेऊन जा. दोघींचं हळू आवाजात काहीतरी झालं. मग लेक म्हणाली, राहू द्या बाबा, आई म्हणतेय कुलूप तोडून घेईन.
मी बरं म्हणालो.