कुठल्या दारात कुठला फर्हात

महदिया, ३ नोव्हेंबर

प्रिय सलूहा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडून टाकलं नाहीस, म्हणजे निम्मं काम झालं. मार्सेयच्या थंडीत तुझे गुडघे फार कुरकुरत नसावेत. इथे जैतुनाची तोडणी सुरू झाली आहे, घाण्याच्या वासाने गल्ली भरून गेली आहे. समुद्र या दिवसांत राखाडी आणि अबोल असतो. अशाच एका समुद्राची कविता मी चौथीच्या मुलांना चौतीस वर्षं शिकवली. आता वर्ग नाही. म्हणून सकाळी धक्क्यावर उभा राहून मासे साफ करणाऱ्या बायांना ऐकवतो. त्या म्हणतात, "मास्तर, जरा बाजूला व्हा, शिंतोडे उडतील."

फर्हात ठीक आहे. आपला धाकटा भाऊ एकोणपन्नास वर्षांचा झाला, हे खरं वाटतं का तुला? कानशिलं पांढरी झाली, पण झोपेतला चेहरा अजून आईच्या मांडीवरचाच. रोज सकाळी आठला मतिमंदांच्या केंद्राची गाडी येते, तो साडेसातपासूनच उंबऱ्यावर उभा असतो. तिथे तो मागावर बसतो, नवऱ्या मुलींच्या शेल्यांची रेशमी किनार विणतो. सलूहा, ते बघायला हवं. अंक त्याला दहाच्या पुढे येत नाहीत आणि किनारीत धागे दोनशेच्या वर. समोर नमुन्याचा कागद नसतो. मग मोजतो कसा? एक दिवस मी मागे उभा राहून ऐकलं. तो मोजतच नाही, नावं घेतो. एकेका धाग्याला आपल्या गल्लीतलं एक माणूस. जिवंत, मेलेली, परदेशी गेलेली, सगळी ओळीने येतात आणि एकही चुकत नाही. पाठांतराची बक्षिसं मी आयुष्यभर वाटली. पण असं पाठांतर कुठल्या पोराचं पाहिलं नाही.

आता कामाचं. केंद्र सरकारी अनुदानावर चालतं, हे तुला ठाऊक आहेच. यंदा राजधानीतून एक समिती येणार आहे, चौदा तारखेला. चाळिशीपुढच्यांना केंद्रात ठेवून उपयोग काय, ती आता काय शिकणार, असा प्रश्न आहे. एकेकाची फाइल बघून ठरवतील. फर्हातची जागा गेली तर तो दिवसभर माझ्यासमोर बसून राहील. त्र्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यासमोर, खिडकीतून गाडीची वाट बघत.

पालकांच्या वतीने भाषण मी करायचं ठरलं आहे. सात पानं झाली. मब्रूकाने, म्हणजे जाळी विणणाऱ्या सादोकच्या विधवेने, ती ऐकली. तिची लेक रीम केंद्रातच असते. म्हणाली, "मास्तर, समिती जेवणाआधी येणार की नंतर? आधी येणार असेल तर दोनच पानं घ्या."

घरच्यांची पत्रंही फाइलला जोडायची आहेत. तू दोन ओळी लिहिशील का? लहानपणी तो काय काय बोलायचा, किती बोलायचा, एवढंच. परक्यासमोर तो तोंड उघडत नाही. कागद-पेन घेतलेला माणूस दिसला की मुकाच होतो. डॉक्टर असो, जनगणनेवाला असो. बुजरा आहे, दुसरं काय.

जुन्या गोष्टी मी काढत नाही, तूही काढू नकोस.

तुझा थोरला भाऊ,
लामीन


महदिया, २० नोव्हेंबर

सलूहा,

तुझं कार्ड समितीच्या आदल्याच दिवशी मिळालं. दोन ओळी मागितल्या होत्या, दोनच पाठवल्यास. "तो बोलायचा, हे मला पक्कं आठवतं. कोर्टात का बोलला नाही, ते तूच लिही."

लिहितो. पण आधी चौदा तारखेचं सांगू दे, नाहीतर मला ते लिहिताच येणार नाही.

समितीत तिघं होते. मुख्य गृहस्थ माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे, आवाज मऊ. विणकामाच्या खोलीतच टेबल मांडलं होतं. पालक भिंतीशी, आमची मंडळी मागांवर. मी उभा राहिलो. "जसं एखादं जहाज धुक्यातून..." एवढं म्हटलं आणि ते म्हणाले, "सर, माफ करा, आधी एक विचारू? फर्हात तुमचाच भाऊ ना?"

त्यांनी फाइलमधून एक कागद काढून वाचला. "सदर इसमास स्वतःचं नाव सांगता येत नाही. नातलग ओळखता येत नाहीत. काहीही शिकणं सर्वथा अशक्य." मग कागद माझ्याकडे वळवला. "हे अक्षर तुमचं?"

माझंच. एकोणीस वर्षांपूर्वीचं, वळणदार, फळ्यावरच्यासारखं. आई गेल्यावर फर्हातचा कायदेशीर पालक होण्यासाठी मी कोर्टात केलेला तो अर्ज.

"आणि आज तुम्ही म्हणता, तो कारागीर आहे," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. "मला खरंच कळत नाही. यातलं कुठलं धरू?"

मब्रूका उठली. "साहेब, त्यांना एकट्याला काय धरता? आम्ही सगळ्यांनी तसंच लिहिलंय. कोर्टात लेकरू जितकं निकामी दाखवावं, तितकं लवकर आपल्या हाती देतात. तुमच्यापुढे जितकं हुशार दाखवावं, तितकं इथे टिकतं. आता तुम्हीच सांगा, कुठल्या दारात कुठलं लेकरू न्यायचं?"

कुणीतरी हसलं. गृहस्थ मात्र हसले नाहीत. ते उठून फर्हातच्या मागापाशी गेले, हातात पेन तसंच. "आपलं नाव काय?"

फर्हातने ओठ मिटले. सलूहा, ओठ पांढरे पडले त्याचे. तेच ओठ तू आणि मी कोर्टात पाहिले होते. आणि तुझं कार्ड माझ्या खिशात होतं.

आता ऐक. त्या दिवशी कोर्टात तू यायच्या आधी मी त्याला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेलो होतो. म्हणालो, "काहीही विचारलं तरी बोलायचं नाही. कागद-पेनवाल्या माणसापुढे एक शब्दही नाही. सलूहाशीसुद्धा नाही. बोललास तर ती तुला बोटीत घालून नेईल आणि मग आपलं घर, आपली गल्ली कधी दिसणार नाही." दोन-तीनदा म्हणवून घेतलं त्याच्याकडून, पाढे घेतात तसं. आई गेली होती, तू त्याला न्यायला आली होतीस, आणि त्या रिकाम्या घरात एकट्याने राहायची मला भीती वाटत होती. त्याच्यासाठी केलं असं मी लोकांना सांगत आलो. केलं माझ्यासाठी.

बाहेर आल्यावर तू त्याचे हात धरून म्हणत होतीस, "फर्हात, माझं नाव तरी सांग." त्याने तोंड फिरवलं. तो तुला विसरला असं वाटून तू त्याच आठवड्यात परत गेलीस. मी तसं वाटू दिलं.

तो तुला विसरला नव्हता. मागच्या पत्रात धाग्यांच्या नावांचं लिहिलं, त्यात एक नाव मी गाळलं. प्रत्येक ओळीत, पहिल्या लाल धाग्याला, तो तुझं नाव घेतो. दिवसातून किती ओळी होतात, त्याचा हिशेब मी कधी केला नाही. करायची हिंमत झाली नाही.

त्या खोलीत मला पहिल्यांदा उमगलं की हा बुजरा नाही. डॉक्टरपुढे, शिपायापुढे, जनगणनेवाल्यापुढे हा एकोणीस वर्षं माझा शब्द पाळतोय. गेल्या वर्षी दाढ सुजली होती, तापाने फणफणला होता, तरी दंतवैद्याला 'इथे दुखतं' म्हणाला नाही. मी बाहेर येऊन त्यालाच रागावलो होतो.

मी त्याच्याजवळ गेलो. गुडघ्यावर बसणं आता जमत नाही, मागाला धरून वाकलो. म्हणालो, "फर्हात, बोल. आता बोलायचं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्या पेनकडे. "बोट?"

"बोट नाही. तुला नको असेल तिथे कुणी नेणार नाही."

"शप्पथ?"

"आईची शप्पथ."

मग त्याने श्वास घेतला आणि त्या गृहस्थांना म्हणाला, "मी फर्हात. बाबा सालेह. आई मन्नाना, ती वारली. सलूहा मार्सेयला. हा लामीन, हा मास्तर, हा घोरतो." सगळे हसले, तोही हसला. मग मागावर बोट ठेवून धाग्याधाग्याने गल्ली सांगायला लागला. भट्टीवाला, त्याची आंधळी आई, न्हाव्याची तिन्ही पोरं. समितीतली बाई लिहायची थांबली. खोलीत फक्त त्याचा आवाज आणि रीमच्या मागाच्या धोट्याची खटखट. मी खूप कविसंमेलनं ऐकली आहेत, सलूहा. अशी शांतता मला कुठे आठवत नाही.

ओळ संपली तसा तो माझ्याकडे वळला. रागाने नाही. काम पुरं करून आलेल्या माणसासारखा म्हणाला, "दादा, मी बोललो नव्हतो. कुणालाच नाही. बघ, किती दिवस!"

शाबासकीची वाट बघत होता. मी त्याचं डोकं छातीशी धरलं. माझं भाषण खाली पडलं होतं, ते मब्रूकाने उचलून आपल्या पिशवीत घातलं.

फर्हातची जागा राहिली. दोन वर्षांसाठी, आणि त्याच्याबरोबर आणखी सहा जणांच्या. गृहस्थांनी जाताना मला बाजूला घेतलं. "सर, अर्ज खरा नव्हता हे आता माझ्यासमोर उघड झालं. मला कोर्टाला कळवावं लागेल."

"कळवा," मी म्हटलं.

मब्रूका मागून म्हणाली, "मास्तरांना उशिराच कळतं. पण कळलं की पक्कं कळतं."

काल नोटीस मिळाली. आठ डिसेंबरला, सकाळी दहाला, पालकत्वाची सुनावणी नव्याने होणार आहे. न्यायाधीश फर्हातलाच विचारणार आहेत, कुणाबरोबर राहायचं, आणि त्याला पालक हवा का, हवा तर कशाकशासाठी. तुलाही हजर राहायला सांगितलं आहे. नोटीस सोबत जोडली आहे.

तो काय म्हणेल, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. मी विचारलं तर त्याला वाटेल, हाही धडाच आहे, आणि तो मला हवं तेच पाठ करेल. म्हणून आम्ही संध्याकाळी फक्त माशांबद्दल बोलतो. तो भरपूर बोलतो आता. काल टपालवाल्याशी दारात उभा राहून इतका बोलला की त्या बिचाऱ्याची पुढची टपालं राहिली.

माफ कर, असं लिहायला घेतलं होतं. तो शब्द मी शुद्धलेखनात हजारदा घातला असेल, इथे हात वळेना. तू ये. त्या दिवशी मी बाहेर थांबेन. तू त्याच्याबरोबर आत जा, आणि तो जे म्हणेल ते बाहेर येऊन मला सांग. मी ते लिहून घेईन, त्याच्याच शब्दांत.

लामीन
फर्हातचा पालक, ८ डिसेंबरपर्यंत