धरणगावच्या पंगतीत मी रुसलो नव्हतो

जळगाव,
९ एप्रिल १९९१

दोंडाईचा मुक्कामी श्री. बन्सीलालभाऊंस, थोरला साडू उखर्डू याचा मनापासून रामराम. आपण, सौ. प्रमिला, पोरं आणि स्कूटर सगळे सुखरूप असाल अशी आशा आहे. (स्कूटरची चौकशी मुद्दाम केली आहे. का, ते पुढे येईल.) माझ्या प्रकृतीचं विचाराल तर पंखवाला प्राणी जवळ येईपर्यंत ती उत्तम असते.

डॉक्टर म्हणतात, गांधीलमाशीचं विष तुमच्या जिवावर बेततं, त्यावर पहिलं औषध सावधपणा. म्हणून एप्रिलच्या जळगावात, जिथे लोकांना अंगावर बनियन सोसवत नाही, तिथे मी पूर्ण बाह्यांचा शर्ट, मोजे आणि मफलर घालून पाटबंधारे कचेरीत जातो. रसवंतीसमोरून जायचं नाही, जिलेबीवाल्याची गल्ली टाळायची, हार घालून घ्यायचा नाही. साहेबांच्या निरोप समारंभात झेंडूचे हार आले आणि मी टेबलाखाली गेलो, तेव्हापासून कचेरीत मला कोणी नावाने हाक मारत नाही. मागे येऊन भुणभुण करतात. मी दचकलो की त्यांच्यात कुणीतरी चहा जिंकतो. (नावावरून आठवलं. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने मला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून उचललं आणि उखर्डू नाव दिलं, की यमाने कचरा समजून पुढे जावं. यम फसला. गांधीलमाशीला मात्र उकिरड्याचं वावडं नाही.)

आता तुमच्या लग्नाचं. तुम्ही नवरदेव, वर स्टेजवर बसला होतात, त्यामुळे खाली काय झालं ते तुम्ही आजवर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलंत. माझ्या तोंडून ऐका. धरणगाव, मे महिना, भर दुपारची पंगत. थोरला जावई म्हणून मला मानाचा पाट. बट्टीवर तूप पडलं होतं, बुंदी वाढून झाली होती आणि तिच्यावर माझ्याआधी गांधीलमाश्या जेवायला बसल्या होत्या. त्यातली एक माझ्या मानेला डसली. थोड्याच वेळात तळहातांना खाज सुटली, जीभ जड झाली, गळा आवळत आला. मी पत्रावळ सरकवली, भिंतीला टेकलो आणि डोळे मिटले. आता तुम्हीच सांगा, लग्नाच्या पंगतीत जावयाने पान सरकवलं, डोळे मिटले आणि तो बोलेनासा झाला, तर आपल्याकडे त्याचा अर्थ काय होतो? चुलतसासरे भिकाआबा मांडवभर ओरडले, "जवाई रुसेल शे!" बँड थांबला.

मग बोली सुरू झाली. आधी घड्याळ कबूल झालं. मी जिवाच्या आकांताने गळ्याकडे बोट दाखवलं. मोठ्या माणसांत जरा कुजबुज झाली आणि सोन्याचा गोफ कबूल झाला. मी मान हलवायला लागलो, तर जावयाला गोफसुद्धा कमी पडतो म्हणून सासूबाई रडायला लागल्या. सासऱ्यांनी, मोतीलालनानांनी, स्वतःच्या बोटातली अंगठी काढून माझ्या सुजत चाललेल्या बोटात दाबून बसवली. शेजारचे पाव्हणे "काय माणूस आहे!" म्हणत बुंदी मागून घेत होते. मला सगळं ऐकू येत होतं, भाऊ. आपण मरतोय हे मला कळत होतं, आणि माझा भाव वाढत चालला होता. शेवटी नाना स्कूटरच काय, सगळंच द्यायला तयार झाले आणि हात जोडून म्हणाले, "स्कूटर दिसू, बठ्ठं दिसू, पन उठा!"

तेवढ्यात तुमच्या आजीला उन्हाने भोवळ आली म्हणून डॉक्टर धावत आले. (माझ्यासाठी नव्हे. मला ते ओलांडूनच निघाले होते.) पण माझे निळे ओठ बघून ते थबकले आणि त्यांनी माझ्या मांडीत सुई टोचली. थोड्या वेळाने मी उठून बसलो. सुई कुणी पाहिली नाही, स्कूटर मात्र सगळ्यांनी ऐकली होती. मग थोरल्याला स्कूटर तर मला काय, म्हणून तुम्ही स्टेजवर खरोखर रुसलात आणि ती घेऊन गेलात. माझी अंगठी सोनाराने कापून काढली, तिचे तुकडे नानांनी नेले. मुक्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहात तुम्ही! एक मुका साडू तुम्हाला ओळखता येऊ नये?

परतीच्या एस.टी.त ही मला हळूच म्हणाली, "गोफापर्यंत ठीक होतं, स्कूटरपर्यंत ताणायला नको होतं." गांधीलमाशीचा डंखही मला एवढा झोंबला नव्हता. बारा वर्षांचा संसार आमचा. माझ्या बायकोला माझा जीव जाताना ओळखता आला नाही, हे दुःख मी कुणाला सांगू?

मुलाबाळांस आशीर्वाद. राग मानू नये. मानला तरी माझी हरकत नाही.

आपला थोरला साडू,
उखर्डू

ता. क. वैशाखात धाकट्या मेहुणीचं, सुंदरचं, लग्न आहे, पुन्हा धरणगावलाच. न जावं तर पुन्हा रुसलो म्हणतील. डॉक्टरांनी बजावलंय की पुढच्या खेपेला एवढाही वेळ मिळणार नाही. इंजेक्शनची कुपी आणि सिरिंज माझ्या खिशातल्या स्टीलच्या डबीत असतील. बायका वेगळ्या पंगतीला बसतात, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसा. मी बोलायचा थांबलो की कुणाचं काही ऐकू नका, मांडीत सुई द्या. (बैलाला देता तशी नको.) एवढं कराल तर स्कूटरचं नाव पुन्हा काढणार नाही.

ता. क. दुसरा. पत्र चिकटवणार तेवढ्यात नानांचा निरोप आला. या वेळी जावयाने पंगतीत तमाशा करू नये, मिक्सर आधीच घेऊन ठेवला आहे. हिने स्वयंपाकघरातल्या फळीवर त्याला जागा केली आहे.