सुषमाचं टेबल

गुरुवार, संध्याकाळ

कॉलेजची दारं, खिडक्या, कपाटं, जेवणाचे बाक, सगळं माझ्या हातचं. शिकवलं कुणी नाही, पाहून शिकलो. म्हणून वाकडी वस्तू वर्कशॉपबाहेर जाऊ देत नाही.

आज जवाहरनगरच्या एका साहेबांना सुषमाचं टेबल आवडलं. माझ्याकडे सुतारकाम शिकणारी लाखांदूरची पोरगी, तिचं पहिलंच टेबल. मी हात ठेवला तर डुगडुगलं. "हे विकायचं नाही," म्हणालो. साहेब म्हणाले, "आहे तसं द्या." तरी नाही. इथं फी नाही, पोरांनी केलेलं विकूनच मेस चालते, हे मला का ठाऊक नाही? पण डुगडुगतं म्हणजे डुगडुगतं!

साहेब गेल्यावर सुषमानं टेबल उचलून व्हरांड्यात नेलं. जोर देऊन पाहिलं. तिथं डुगडुगेना.

"टेबल बराबर हाय काका. वाकडी तं तुमची फरशी हाय. तिले रंधा मारता का आता?"

वर्कशॉपची फरशीही मीच बसवलेली. लेव्हल लावली होती ना? का नुसती नजरेनं?

साहेबांना फोन करावा, तर सांगू काय? टेबल सरळ, जमीन वाकडी? रोख देत होते ते, तिच्या पहिल्या टेबलाचे, आणि मी ऐटीत नको म्हणालो. नऊ हजार रुपये.