दारावरची फळी

४ मे
आधी तब्येती. हिचे गुडघे कालच्यासारखेच. मुलाची पाठ धरलीय. ऑफिसच्या खुर्चीचा दोष. सूनबाईंची मान आखडलीय. मोबाईल, दुसरं काय. आमची नात भिंगरी, तिला रात्रभर झोप नाही, आज निकाल. माझी तब्येत ठणठणीत. या घरात ताठ चालणारा मी एकटाच.

सायंकाळी. आर्किटेक्चर कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत भिंगरीला अडतीस! पस्तीसला पास. म्हणजे तीन वर. जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना आइस्क्रीम वाटलं.

५ मे
अडतीस हे मार्क नव्हेत, पर्सेंटाइल. शंभरातली साठेक पोरं तिच्या पुढे आहेत. हे सूनबाईंनी आइस्क्रीम वाटून झाल्यावर सांगितलं. असल्या गोष्टी वेळेवर सांगायच्या असतात. शेजारी अजून अभिनंदन करतायत. मी थँक्यू म्हणतो.

भिंगरी दार लावून बसलीय. लहानपणापासून हे एकच कॉलेज डोक्यात.

७ मे
आशा आहे! तिथे थोड्या जागा मुलाखतीवर भरतात. परीक्षेत कमी पडलेल्यांनी स्वतः केलेली एक वस्तू न्यायची आणि तिच्यावर बोलायचं. वस्तू म्हणजे माझा प्रांत. कॉलेजची पायरी मी चढलो नाही, पण पंखे-मिक्सर दुरुस्तीत जन्म काढला आणि जे येतं ते आपलं आपण शिकलो. उदाहरणार्थ, स्वयंपाकघराच्या दारात आडवी बसवलेली फळी. सगळे डबे तिच्यावर. दाराची वरची मोकळी जागा फुकट का घालवायची? इतकं साधं, पण कुणाला सुचलं नव्हतं.

निश्चय: रोज पहाटे पाचला उठून भिंगरीला शिकवणार.

८ मे
सातला उठलो. गजराचं घड्याळ दुरुस्तीला खोललेलं आहे. भिंगरी आधीच उठून कामाला लागलेली. माझी शिस्त उतरलीय पोरीत.

११ मे
तिला विषय सुचवले. उघडझाप करणारा पूल, गोल घर, नाहीतर माझा अर्धपुतळा. म्हणाली, आबा, माझा विषय ठरलाय, तुम्ही फक्त घरात इकडे-तिकडे करत राहा, नेहमीसारखे. सध्या दिवसभर स्वयंपाकघरात टेप घेऊन बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघते. मी मुद्दाम जास्त फेऱ्या मारल्या.

१५ मे
मॉडेल पाहिलं. पुठ्ठ्याचं आमचं स्वयंपाकघर! फळी, फळीवरचे डबे, सगळं. आणि दारातून आत येणारी घरची माणसं, बोटाएवढी, मान लववून. खरंच आहे ते. माझा मुलगा सहा फुटी गडी, पण स्वयंपाकघरात शिरताना मान खाली. सूनबाईंचं तेच. हिचंही. अन्नापुढे नम्र. संस्कार म्हणतात ते हेच. मी शिकवायला गेलो नाही, आपोआप आले.

आणि मधोमध मी. एकटा ताठ. डोळे भरून आले. हिला सांगितलं, तर तिने आधण ठेवलं. मग म्हणाली, अहो, चहा घ्या.

२० मे
मुलाखत. बसमध्ये मॉडेल मी मांडीवर घेतलं. उचलायला दोघं लागत होतो, म्हणून मीही आत गेलो. समोर तिघं. मधल्या बाई चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी विचारलं, ही माणसं वाकलेली का? भिंगरीने तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं, संस्कार! तिघंही हसले. म्हटलं, काम फत्ते.

मग भिंगरी बोलली. म्हणाली, फळी डोक्याला लागते म्हणून वाकलीत. लावणाऱ्याने माप स्वतःच्या उंचीचं घेतलं, आणि घरात सगळ्यांत बुटके आबा. बाबांची पाठ दुखते, आईची मान, आजी तर दुखऱ्या गुडघ्यांवर वाकते. पण आबांनी हौसेने लावलीय, म्हणून कुणी बोलत नाही. मला घरं बांधायचीत, पण आधी त्यात राहणाऱ्या प्रत्येकाला विचारून.

मी मॉडेलमधल्या माझ्याकडे बघितलं. ताठ.

बाई म्हणाल्या, आजोबा, तुम्हाला काही बोलायचंय? मी म्हणालो, फळी मजबूत आहे.

२१ मे
हिला विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? म्हणाली, फळी ठोकून झाल्यावर तिच्याखाली उभे राहिला होतात ना, तेव्हाचा तुमचा चेहरा तुम्ही बघितला नाहीत.

आता प्रवेश हुकला, तर खापर माझ्याच डोक्यावर. ‘संस्कार’ म्हणून मध्ये तोंड घालायला मला कुणी सांगितलं होतं? जेवण गेलं नाही.

२९ मे
मिळाला! भिंगरीला प्रवेश मिळाला! मॉडेल कॉलेजने ठेवून घेतलंय, पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवायला. म्हणजे एका अर्थी माझाही प्रवेश झाला.

आइस्क्रीम आणण्याआधी सूनबाईंना विचारून खात्री करून घेतली.

१२ जून
फळी काढली. सहजासहजी निघेना. मजबूत होती हे मी सांगितलंच होतं. संध्याकाळी मुलगा आला, स्वयंपाकघरात शिरला, मान खाली. मागून सूनबाई, मान खाली. मग ही. मी ओरडलो, अरे, फळी काढलीय! मुलगा म्हणाला, दिसतंय हो आबा, पण मानेला कोण सांगणार?

१६ जून
भिंगरी होस्टेलला गेली. घर नको इतकं शांत.

डबे ठेवायला परवाच नवी फळी लावली, चौकटीच्याही वर. या वेळी सगळ्यांना विचारून. सगळे खूश. फक्त मला डबा काढायला स्टुलावर चढावं लागतं. काल स्टूल कलंडलं आणि कपाळाला टेंगूळ आलं. कुणाला बोललो नाही. सगळ्यांनी मिळून हौसेने ठरवलेली उंची आहे.

भिंगरीला पत्र टाकलं. आजीचे गुडघे बरे, बाबाची पाठ बरी, आईची मान सुटली. माझी तब्येत ठणठणीत, असंच लिहिलं. खाली लिहिलं, तुझ्या खोलीचं दार डोक्याला लागत नाही ना, ते कळव. आणि उत्तर लवकर पाठव.