दादाच्या मशीनवरची सही

रविवार संध्याकाळ, रामवाडी

सही नाही केली. बरोबरच केलं. मग समोरचा चहा गार का होऊ दिला?

दुपारी जोह्याला गेले होते, दादाच्या गणपतीच्या कारखान्यात. आमच्याकडे मूर्तींचे डोळे आखायचे ते वडिलांनी, अप्पांनीच. आता त्यांचा हात थरथरतो. गणपती रंगून तयार, फक्त डोळे नाहीत. म्हणून दादाला मूर्तीत डोळेसुद्धा कोरणारं परदेशी मशीन हवंय. तसल्या मशीनवर क्षेपणास्त्रांचे भागही बनतात, म्हणून विकणारी कंपनी वकिलाची हमी मागते: मूर्तींखेरीज दुसरं काही करणार नाही. असल्या हमी तपासणं हाच माझा दिल्लीतला वकिलीचा धंदा.

दादाच्या हमीपत्रावर सही करायला पेन उघडलं होतं. तेवढ्यात दादा खुशीत म्हणाला, "गणपती संपले की मशीन रिकामी नाय ठेवायची. कुणाचेपण पार्ट काढू. कसले, ते आपल्याला काय करायचंय?"

सीझन संपला की मिळेल ते काम, इथे सगळे हेच करतात. पण ऐकल्यावर सही कशी करू? पेन बंद केलं.

"आपल्या घराची कसली भीती गो तुझ्या कायद्याला?" अप्पांनी विचारलं. बघत होते त्या बिनडोळ्यांच्या गणपतींकडे, माझ्याकडे नाही.

दादा गाडीपर्यंत आला. "मी बोललोच नसतो, तर केली असतीस ना सही?"

"हो."

त्याने आणखी काही बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. दिल्लीत हमी तपासताना माझ्यासमोर लोक तोंड मिटतात, अगदी तसं.