वहीतली राहिलेली ओळ

जालना, शनिवार

प्रिय यशश्री,

वर्षभरानं माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू दे. फोन तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर माझीच बोबडी वळली असती. ऑफिसातली संध्या सांगत होती, संभाजीनगरची नोकरीही हातची गेली. तिथल्या कंपनीनं आपल्या कॉलेजात विचारलं आणि इथून तेच उत्तर गेलं, बाई निष्काळजी आहेत. तेव्हापासून मला जेवण गोड लागून न्हाई राह्यलं.

इकडची खबर अशी की मंगळवारी डिरेक्टरी सर्व्हरची डिस्क गेली. कुणाचं नाव-पासवर्ड ओळखणारंच कुणी उरलं न्हाई, अख्खं कॉलेज दाराबाहेर. नव्या डिस्कवर सगळ्यांची नावं परत आली, पण सेटिंगच्या फाइलचा माझा एकही बॅकअप चालेना. ते तुला ठाऊकच आहेत, ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘खरंच नवीन’. तू त्यावरून किती चिडवायचीस.

शेवटी कपाटातला तुझा पेन ड्राइव्ह काढला. वर तुझी चिठ्ठी, ‘चौदा जून, संध्याकाळी पाच, बदल केल्यानंतर.’ मागच्या वर्षी सर्व्हर पडल्यावर बाहेरच्या माणसानं सगळं नव्यानं बसवलं, ही कॉपी कुणी उघडूनच पाहिली नव्हती. सर्व्हर बंद केला, फाइल जागेवर ठेवली, चालू केला. पहिल्या झटक्यात उठला.

पंधरा जूनची ती प्रवेशाची सकाळ आठवते ना? सर्व्हर बंद, बाहेर पोरांची रांग, आणि सचिव अण्णासाहेबांनी वही मागवलेली. पद्धत तूच घालून दिलेली, सर्व्हरला हात लावला की तारीख, वेळ, काम आणि सही. शेवटची सही तुझी होती. तू म्हणत राहिलीस की माझी फाइल बराबर आहे, आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

आदल्या संध्याकाळी तू बदनापूरची गाडी धरायला गेल्तीस. पावणेसहाला मी त्याच फाइलमधली एक ओळ बदलली. सर्व्हर बंद केला न्हाई, कॉपी ठेवली न्हाई, वहीत लिहिलं न्हाई. तेव्हा काहीच बिघडलं न्हाई, कारण सर्व्हर ती फाइल चालू होतानाच वाचतो. रात्री लाइट गेली आणि सकाळी तो उठला न्हाई. हे मला त्याच सकाळी कळलं होतं, यशश्री. उद्या सांगू म्हटलं, मंग परवा. तोवर तुझं टेबल रिकामं झालं होतं.

आज अण्णासाहेबांना सगळं लिहून दिलं, संभाजीनगरच्या कंपनीलाही. माझं काय करायचं ते करोत. तुला बोलावणं येईल. यायचं की न्हाई ते बिलकुल तुझ्यावर. मला माफी मागायची आहे, ती मिळावीच असा हट्ट न्हाई. फक्त त्यांच्या फोनआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. सोबत वहीच्या पानाचा फोटो आहे. तुझ्या सहीखाली एका ओळीची जागा उरली होती. तिथं लिहिलंय, चौदा जून, पावणेसहा, फाइल बदलली, कॉपी ठेवली नाही. खाली माझी सही आहे.

तुझाच, म्हणायचा हक्क उरला असेल तर,
केदार