वीट म्हणजे घर

१२ जानेवारी १९८१

अनूचं पत्र आलं. सहावा सरला. पाय सुजलेत, रक्तदाब वाढलाय, डॉक्टरनं खाटेवरून उठू नको म्हणून सांगितलंय. म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते बोंबललं! लेक येत नाही तर आईनं जायचं — मुळशीहून थेट केरळात, कोट्टायमला. जाणार. त्यात काय विचारायचं?

पण तिथं बोलू कुणाशी? जावयाला हिंदी येतं, तो दिवसभर कामावर. घरात विहीणबाई, त्यांना मलयाळीबिगर काही येत नाही. पोरीची शुद्ध हरपली, झटके आले, तर मी काय हातवारे करत बसू?

मालक म्हणतात, "तुला मराठीच धड बोलता येत न्हाई. बोललीस की भांडान. आता मलयाळीत भांडायचंय व्हय?"

मला हसू आलं नाही.

१३ जानेवारी

दवाखान्यात गेले. अलियम्मा शिष्टर त्याच मुलखातली. नऊ वर्षं झाली तिला इथं. वाडीतली निम्मी पोरं तिच्याच हातावर आलीत. म्हटलं, "शिष्टर, मला तुमचं बोलणं शिकवा. दोन महिनं हायेत. उगा गोड बोलून वेळ घालवू नका."

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "रत्नाबाई, मास्तरणीला असा बोलतात काय?" अन् हसायला लागली.

आज झालेलं: पाणी — वेळ्ळम्. मीठ — उप्पु. भात — चोर. कुणाचा चोरलाय कुणाला ठाऊक!

प्रौढ वर्गातल्या बाई सांगायच्या, रोज चार ओळी लिहा, न्हाईतर आलेलं जाईल. म्हणून तर ही वही. आता तीच गत मलयाळीची.

२१ जानेवारी

दाराला आतून खडूनं शब्द लिहिले. पंचशील म्हणतो तसे सकाळ-संध्याकाळ म्हणते. सगळे पाठ! शिष्टरपुढं एका दमात म्हणून दाखवले. मान वर करून बघितलं, आता शाबासकी देईल. तर तिनं मधूनच विचारलं, "मीठ?"

परत पाण्यापासून सुरू केलं, तेव्हा कुठं मीठ आलं.

"बाई, पोरीला कळ आली तर ती थांबणार काय, तुमचा मीठ येईपर्यंत?"

लई राग आला. खरं बोलली म्हणून जास्त आला.

२२ जानेवारी

दार पुसून टाकलं.

२६ जानेवारी

झेंड्याहून येताना शिष्टरला गाठलं. तुमी मराठी कशा शिकलात? म्हणाली, पहिला शब्द 'कळ'. मग 'दम धर'. मग 'मेले गं आये'. पुस्तकातला एक पण नाही. बाईचा हात हातात धरायचा अन् ती काय ओरडते ते ऐकायचं. "जे हातात आहे त्याचाच नाव घ्या. हात रिकामा तर तोंड बंद."

हे पटलं. आजपासून घरात नवा कायदा. वस्तू पाहिजे तर तिच्या मलयाळी नावानं मागायची. नाव नाही तर वस्तू नाही. मालकांनाही लागू.

३० जानेवारी

मालक आळणी कालवण खात होते. आज ताटावरून ओरडले, "एनिक्कु उप्पु वेणम्!" मला मीठ पायजे! अख्खं वाक्य! मला अजून सुटे शब्द जमेनात अन् हे वाक्य बोलतात! खोदून विचारलं तेव्हा कळलं, दवाखान्यात जाऊन गुपचूप शिकून आलेत. लबाड माणूस. मीठ वाढलं. जरा जास्तच वाढलं.

पण उपकारच झाले. आता 'एनिक्कु' अन् 'वेणम्'च्या मधे काहीही घातलं की मागता येतंय.

४ फेब्रुवारी

दूध म्हणजे पाल. ई! पण दुधात पाल पडलेली डोळ्यांपुढं आली अन् शब्द बसला तो बसलाच. घर म्हणजे वीट. विटांचं घर — हाही बसला. शिष्टरला सांगितलं तर म्हणाली, तिचंही असंच, उलट बाजूनं. इथं आल्यापासून भिंतीवर पाल दिसली की तिला घरचं दूध आठवतं. मी पुढचा शब्द मागितला.

१० फेब्रुवारी

टोचायच्या वेळी शिष्टर पोरींना बोलावते, "वा मोळे." म्हणजे, ये पोरी. पोरी रडत जातात पण जातात! म्हटलं, विहिणीला दारात मी 'वा' म्हणेन. शिष्टरनं कपाळाला हात लावला. "वा लेकराला! मोठ्या माणसाला वरू." म्हणजे आपलं ये अन् या. मग आधी सांगायचं की!

१७ फेब्रुवारी

भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजायला गेलो होतो. चार दिवस तोंडात धूर, शब्द कुठले! आज दवाखान्यात गेले तर सगळं गेलेलं. मीठसुद्धा. म्हटलं, "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. जुनं डोकं हाय, आता त्यात काय शिरत न्हाई." अन् निघून आले. मागं वळून पाहिलं नाही.

१८ फेब्रुवारी

दिवस मावळायच्या आत शिष्टर घरी आली. चुलीपुढं बसली, कालवणाची पळी हातात घेतली, चव घेतली अन् तोंड वाकडं केलं.

"उप्पु!" माझ्या तोंडातून आपोआप गेलं.

"बघा. गेलेला नव्हता. विसरून परत आला की पक्का होतो."

खरंच सगळे परत आले. एकेक करून, कोंबड्या खुराड्यात येतात तसे. वर दोन नवे.

म्हटलं, हिला काय द्यावं? तांदूळ दिले, नको. सुकी मासळी दिली, नको. म्हणाली, "तुम्ही चुकतात ना, तेव्हा मी माझ्या भाषेत ओरडते. नऊ वर्षात इथं कुणावर तसं ओरडायला मिळाला नव्हता." अशी माणसं असतात. आपलं नशीब म्हणायचं.

१ मार्च

उद्या निघायचं. दोघांची तिकिटं आहेत. जयभीम करायला दवाखान्यात गेले. विचारलं, "तुमच्या मुलखातनं काय आणू?"

"काही नको."

"घरी काय निरोप?"

तेव्हा म्हणाली, तिचं गाव पाला, कोट्टायमहून बसनं तासाभरावर. ठरलेलं लग्न मोडून नर्सिंगला निघून आली, तेव्हापासून भाऊ तिचं नाव काढू देत नाही. आईला वाचता येत नाही. पत्र भावाच्या हातात पडतं, तो फाडून टाकतो. "माणसाच्या तोंडातून गेला तरच पोचेल."

एक वाक्य दिलं. इतकं भरभर म्हणाली की पहिला 'अम्मे' सोडला तर काही सुटं होईना. अर्थ विचारला.

"अर्थ नको. कळला तर तिथं जाऊन तुम्ही रडणार. नाहीतर भांडणार."

ओळखते मला! पंचशीलासारखं पाठ केलं. न उलगडता पाठ करणं तर माझ्या हातचं आहे.

५ मार्च, कोट्टायम

पोचलो. विहीणबाई दारात उभ्या. मी मोठ्यांदा म्हटलं, "वरू!" त्यांच्याच दारात त्यांनाच या म्हटलं! विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मग मीही हसले. अनू आतून खाटेवरून विचारतेय, "आये, काय केलंस?"

पाय फार सुजलेत तिचे.

१४ मार्च

दुपारी अनूच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. म्हणाली, दिसत न्हाई गं. मग दात खिळले. मालक बाहेर गेलेले, जावई कामावर, विहीणबाई परसात. मी ओरडले, "वरू! वरू! वेगम्! वेळ्ळम् वेणम्!"

पहिल्यापासून म्हणावं लागलं नाही. जो पाहिजे तो शब्द आधी आला.

विहीणबाई धावत आल्या, शेजारचा मोटारवाला आणला, दवाखाना गाठला. दोघी बाकावर बसलो. त्यांनी माझा हात धरला होता की मी त्यांचा, आता आठवत नाही. मग नर्स बाहेर आली. "अम्मयुम् कुञ्ञुम् सुखम्."

जावई नुकता पोचला होता, मला समजावून सांगायला वळला. त्याच्या आधीच मी विहीणबाईंना मिठी मारली होती. आई सुखरूप. बाळ सुखरूप. मुलगी आहे.

शिष्टर, हे उपकार कुठं फेडू?

२९ मार्च, पाला

रविवार. शिष्टरचा भाऊ चर्चला गेलेला. तिच्या म्हाताऱ्या आईला चालवत नाही, ओसरीवर एकटीच होती. "अलियम्मा" म्हटलं अन् वाक्य एका दमात म्हणून टाकलं. तिला नीट ऐकू गेलं नाही. कानाशी वाकून परत म्हटलं, सावकाश. अन् म्हणता म्हणता सुटं झालं.

अम्मे. एनिक्कु. वीट्टिल्. वरणम्.

आई. मला. घरी. यायचंय.

अन् मी शिष्टरला विचारत होते, काय आणू!

म्हातारीनं माझा हात घट्ट धरला. माझ्याकडं नाही, रस्त्याकडं बघत म्हणाली, "वा मोळे."

हा निरोप मीच घेऊन जाणार. अर्थासकट.